बाजारपेठेचे प्रश्न आणि सरकारी टेबले: गोव्यातल्या व्यापारी संघटनेने नागरी व धोरणात्मक विषय कसे हाताळावेत

गोव्यातल्या बहुतेक व्यापारी संघटनांना जाग येते ती रस्ता खणल्यावर, ‘नो पार्किंग’चा फलक लागल्यावर किंवा भाडे वाढल्याची नोटीस हातात पडल्यावर. मग पदाधिकारी नगराध्यक्षांना भेटतात, निवेदन देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि विषय तिथेच थंडावतो. याचा दोष बऱ्याचदा अधिकाऱ्यांवर टाकला जातो. पण बहुतेक वेळा निवेदन चुकीच्या टेबलावर गेलेले असते, किंवा योग्य टेबलावर जाते तेव्हा फाईल बंद झालेली असते. पुढचे सगळे विवेचन या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

संघटना आधी कागदावर उभी असावी

१९६० साली स्थापन झाली, सगळे ओळखतात, अशा भरवशावर चालणाऱ्या संघटनेला अधिकारी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? त्यासाठी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी हवी. किमान ७ सभासद लागतात. नोंदणी करून विसरून जाण्याची चूक सर्रास होते. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी निबंधकांकडे द्यायची असते. ती चार वर्षे दिली नसेल तर ऐन वादाच्या वेळी विरोधी बाजू नेमके तिथेच बोट ठेवते आणि बँकही सह्या बदलून देत नाही.

घटनेतले उद्देश उघडून वाचा. जुन्या संघटनांच्या घटनेत ‘सभासदांमध्ये बंधुभाव वाढविणे’ आणि ‘सण-उत्सव साजरे करणे’ एवढेच सापडते. त्यात असे एक कलम असायला हवे: ‘बाजारपेठेशी संबंधित नागरी सुविधा, कर, परवाने, वाहतूक व शासकीय धोरणे यांबाबत सभासदांच्या वतीने शासन, स्थानिक संस्था, आयोग व न्यायालयांसमोर बाजू मांडणे.’ उद्देश बदलायचा तर कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी स्वरूपात सभासदांना १० दिवस आधी पोहोचवावा लागतो. विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि महिन्यानंतरच्या दुसऱ्या विशेष सभेत त्याच बहुमताने तो कायम करावा लागतो. म्हणजे हे काम दीड-दोन महिन्यांचे आहे. प्रश्न अंगावर आल्यावर त्याला हात घालून उपयोग नाही.

तीन नियम घटनेत किंवा ठरावाने लिहून ठेवा. पहिला, ज्या विषयात पदाधिकाऱ्याचा स्वतःचा आर्थिक संबंध आहे (पालिकेचे गाळे भाड्याने असणे, बाजारातल्या विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचे म्हणजे सोपोचे कंत्राट, बांधकामाचा ठेका) त्या विषयावर त्याने संघटनेच्या वतीने बोलू नये. दुसरा, निवडणुकीला उभा राहणारा पदाधिकारी अर्ज भरण्यापूर्वी पद सोडतो. छोट्या गावात हा नियम कडक वाटतो. पण एकदा अध्यक्ष नगरसेवकपदाचा उमेदवार झाला की पुढची पाच वर्षे संघटनेचे प्रत्येक पत्र त्याच्या गटाचे पत्र ठरते. तिसरा, पेपरवाल्यांशी फक्त दोघे बोलतील, आणि तेही झालेल्या ठरावापुरतेच.

विषय निवडताना

सभेत दहा विषय येतात, त्यातले दोनच घ्या. निकष साधे आहेत. निम्म्याहून अधिक सभासदांना त्रास होतो का? निर्णय घेणारा अधिकारी एका नावाने सांगता येतो का? निर्णयाला अजून वेळ आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर विषय घ्या. सभासदांतच हितसंबंध भिडत असतील, उदाहरणार्थ घाऊक व्यापाऱ्याला सकाळी ट्रक हवा आणि किरकोळ व्यापाऱ्याला तीच जागा गिऱ्हाइकाच्या दुचाकीसाठी हवी, तर आधी घरातला निकाल लावा. दोन निवेदने दोन दिशांनी गेली की अधिकारी दोन्ही बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

कोणते काम कोणाकडे

गोव्यात हे माहीत असणे निम्मी लढाई आहे. व्यापार परवाना, सोपो, बाजारातला कचरा, पालिकेच्या गाळ्यांचे भाडे हे पालिकेचे विषय. पण त्यातही अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे आणि दर ठरवणे पालिका मंडळाकडे, त्यामुळे नगराध्यक्षांना भेटून परवान्याची अडलेली फाईल सुटत नाही. पणजीत महानगरपालिका असल्याने महापौर आणि आयुक्त यांची हीच विभागणी असते. गटार बाजारातल्या आतल्या रस्त्याचे असेल तर पालिकेचे, पण मुख्य रस्त्याच्या कडेचे बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचे (साबांखा). पत्र लिहिण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला फोन करून ‘हा रस्ता कोणाच्या यादीत आहे’ एवढेच विचारा, दोन महिने वाचतात. वीज आपल्याकडे कंपनीची नसून सरकारच्या वीज खात्याची आहे, मात्र दर ते खाते ठरवत नाही, त्याबद्दल खाली आहे. जमिनीचा झोन, बाह्यविकास आराखडा यासाठी नगरनियोजन खाते किंवा उत्तर गोवा, दक्षिण गोवा वा मुरगाव नियोजन व विकास प्राधिकरण.

सगळ्यात जास्त गोंधळ पार्किंगचा. एकेरी वाहतूक, ‘नो पार्किंग’, अवजड वाहनांना ठराविक वेळेत बंदी हे पालिकेच्या ठरावाने अमलात येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११५ ते ११७ खालची अधिसूचना लागते, आणि गोव्यात ती जिल्हाधिकारी जिल्हा दंडाधिकारी म्हणून काढतात. वाहनांवरची बंदी महिन्याहून अधिक काळ राहणार असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. म्हणून फलक दिसला की पहिला प्रश्न: अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय? अधिसूचना नसेल तर तुमचे पत्र चार ओळींचे होते. असेल तर ती बदलून घेण्यासाठी पत्र जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत वाहतूक पोलिसांना आणि पालिकेला.

मोजल्याशिवाय बोलू नका

‘बाजारात पार्किंगच नाही’ हे वाक्य प्रत्येक अधिकाऱ्याने हजार वेळा ऐकलेले असते. त्याऐवजी मोजणी घेऊन जा. पद्धत अशी:

१. बाजारातला एक ठराविक पट्टा घ्या, दीडशे-दोनशे मीटरपेक्षा मोठा नको. टेपने लांबी मोजा, गेट, वळण, फायर हायड्रंट वगळा. रस्त्याला समांतर उभ्या चारचाकीला ५ ते ६ मीटर लांबी आणि अडीच मीटर रुंदी धरून जागा मोजा. दुचाकींसाठी वेगळा आकडा.

२. एक साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस निवडा. म्हापशात हे शुक्रवार सोडून एक आणि शुक्रवारी एक असे करावे लागेल. चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचा) बाजार किंवा पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या खरेदीची) मे महिन्यातली गर्दी यांचा आकडा वेगळा ठेवा. तो सरासरीत मिसळला की पूर्ण मोजणी फुगवल्यासारखी दिसते.

३. सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ४ ते ८, दर अर्ध्या तासाने एक फेरी. प्रत्येक फेरीत उभ्या वाहनांच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याच क्रमाने लिहायचे. दोन माणसे, एक पाटी, एक पेन.

४. रात्री कागद समोर ठेवून पाहा: कोणता क्रमांक किती फेऱ्यांत दिसला? एकाच फेरीत दिसला तर अर्ध्या तासाचा गिऱ्हाईक, सहा-सात फेऱ्यांत सलग दिसला तर सुमारे तीन तास.

इथे कटू गोष्ट बाहेर येते आणि तिला तयार राहा. दिवसभर हलत नाहीत त्या गाड्यांपैकी बऱ्याच दुकानदारांच्या आणि त्यांच्या कामगारांच्याच निघतात. हे दडपू नका. निवेदनात स्वतःच लिहा: ‘सभासदांची व कामगारांची वाहने अमुक जागेत हलवण्याचा ठराव संघटनेने केला आहे, त्याने इतक्या जागा मोकळ्या होतात. उरलेल्या जागांसाठी एक तासाची मर्यादा अधिसूचित करावी.’ स्वतःकडून काही देऊन मागणी करणारी संघटना विरळाच असते, म्हणून तिचे पत्र लक्षात राहते.

गटाराचे पाणी दुकानात शिरते, वीज जाते, कचरा उचलला जात नाही, या तक्रारींनाही हेच लागू. तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणते दुकान, फोटो. वीज खंडित होण्याची नोंद महिनाभर दहा दुकानांनी वहीत केली तर ती सभेतल्या दहा भाषणांना भारी पडते.

निवेदन: एक पान

निवेदन एका पानाचे, मोजणीचा तक्ता आणि नकाशा सोबत. विषयाच्या ओळीतच मागणी यावी. ‘बाजारातील विविध समस्यांबाबत’ असा विषय लिहिलात की फाईल कोणत्या कारकुनाकडे जायची हेच ठरत नाही. असे लिहा:

‘विषय: बाजार मार्गावरील ओढ्याकडच्या ८० मीटर गटाराचा गाळ पावसाळ्यापूर्वी काढण्याबाबत.
महोदय, संघटनेच्या दि. … च्या ठराव क्र. … नुसार कळवितो की गेल्या पावसाळ्यात वरील भागातील १४ दुकानांत एकूण ५ वेळा पाणी शिरले (तारखांचा तक्ता सोबत). दुकान क्र. … समोरील झाकण तुटून गटार अर्धे भरले आहे. हे काम यंदाच्या पावसाळापूर्व कामांत घेऊन त्याचा आदेश संघटनेला कळवावा, ही विनंती.’

गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही मुभा आहे, त्यामुळे मराठीत पत्र देण्यास हरकत नाही. पण फाईलवरचे शेरे इंग्रजीत लिहिले जातात, म्हणून सोबत इंग्रजी प्रत जोडली तर भाषांतराचे निमित्त उरत नाही. आवक विभागात पत्र द्या, शिक्का आणि आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या. साहेबांच्या हातात दिलेले आणि फोटो काढलेले पत्र कार्यालयाच्या दृष्टीने बऱ्याचदा अस्तित्वातच नसते. फोटो काढा हवा तर, पण शिक्का आधी.

वेळेचे भान महत्त्वाचे. पालिकेचा अर्थसंकल्प ३१ मार्चपूर्वी मंजूर होतो आणि पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो. गटाराची मागणी मे महिन्यात केली तर निविदेला वेळच नसतो. ती डिसेंबर-जानेवारीत गेली पाहिजे, म्हणजे तरतूद होते आणि एप्रिल-मेमध्ये काम होते.

उत्तर आले नाही तर

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, जुन्या आवक क्रमांकासह. आणखी पंधरा दिवसांनी माहितीचा अधिकार. हा अधिकार कायद्याने नागरिकाला आहे, त्यामुळे अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर देऊ नका. सभासदाने स्वतःच्या नावाने, १० रुपये शुल्क भरून द्यावा. ‘का केले नाही’ असे विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते, कारण कारण देणे ही नोंद नसते. नोंद मागा: ‘दि. … च्या आवक क्र. … वरील पत्रावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. ती फाईल सध्या कोणाकडे आहे. सदर गटाराच्या कामासाठी चालू वर्षातील अंदाजपत्रक व कार्यादेशाची प्रत.’ कलम २ प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि नमुने मागता येतात, रस्त्याच्या कामात हे फार उपयोगी. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

परवाना, दाखला अशा अधिसूचित सेवा रखडल्या असतील तर २०१३च्या कालबद्ध सेवा कायद्याखाली अपील आहे. ते प्रत्येक सभासदाने स्वतःच्या अर्जासाठी करायचे, संघटनेने फक्त मसुदा तयार करून द्यावा.

पालिका बैठक आणि ग्रामसभा

पालिका मंडळाच्या बैठकीत बोलण्याचा हक्क नगरसेवकांचा. त्यामुळे विषयपत्रिकेवर विषय आणणारा एक नगरसेवक शोधा, आणि त्याच्या हातात तयार ठरावाचा मसुदा द्या. नुसते ‘आमचे बघा’ म्हटले तर चर्चा होते, ठराव होत नाही. बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागवा. चर्चेत मान्य झालेले इतिवृत्तात गायब असणे ही नवलाची गोष्ट नाही.

मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात, पण घटनेत त्या ३ लाख लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत आणि गोव्यातले एकही शहर त्या आकड्याजवळ जात नाही. म्हणून मंडळाची बैठक हाच मार्ग.

बाजार पंचायत क्षेत्रात असेल तर ग्रामसभा. पंचायत राज कायदा १९९४ प्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी होतात, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या निमित्ताने विशेष सभा असतात. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीचा मतदार. दुकान तिथे आणि मतदान दुसरीकडे असलेला व्यापारी कितीही मोठा असला तरी त्याला तिथे उठता येत नाही. स्थानिक मतदार असलेले दोन सभासद तयार ठेवा, विषय सचिवाकडे लेखी द्या.

धोरणाच्या पातळीवर: राजपत्र आणि हरकती

गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी तीन मालिकांत निघते. कायदे, नियम आणि त्यांचे मसुदे पहिल्या मालिकेत. एका सभासदाला फक्त हे काम द्या: दर शुक्रवारी मालिका चाळायची आणि व्यापाराशी संबंधित मसुदा दिसला की त्याच दिवशी कळवायचे. हरकतींची मुदत मसुद्यातच लिहिलेली असते आणि ती प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्हाला कळल्यापासून नाही.

हरकत लिहिताना भाषण नको, तीन रकाने करा: मसुद्यातले कलम जसेच्या तसे, तुमचे सुचवलेले शब्द, आणि कारण दोन ओळींत. कायदा विभागातल्या माणसाला शब्द उचलून घेता येतील असे द्यायचे. ‘हा नियम रद्द करा’ म्हणणाऱ्या शंभर पत्रांपेक्षा ‘३० ऐवजी ९० दिवस’ सुचवणारे एक पत्र जास्त वेळा स्वीकारले जाते.

वीजदराचे उदाहरण घ्या, कारण ते प्रत्येक दुकानाला लागू आहे. गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. वीज खाते आयोगाकडे अर्ज करते, विद्युत कायदा २००३च्या कलम ६४ प्रमाणे त्याचा सारांश प्रसिद्ध होतो, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाला १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि मधे जनसुनावणी असते. या सुनावणीत उद्योगांचे प्रतिनिधी तयारीनिशी येतात. किरकोळ बाजारपेठेकडून तशी तयारी क्वचितच दिसते. तयारी अशी: वेगवेगळ्या धंद्यांतल्या वीसेक सभासदांची १२ महिन्यांची बिले, त्यातून स्थिर आकार आणि ऊर्जा आकार वेगळा काढा, मंजूर भार आणि प्रत्यक्ष वापर यांची तुलना करा. मग अर्जातली वीजखरेदीचा खर्च, वितरणातली गळती आणि व्यावसायिक गटाचा सरासरी दर ही पाने वाचा. केंद्राच्या २०१६च्या वीजदर धोरणानुसार कोणत्याही गटाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांत असावा. व्यावसायिक गटाचा दर त्याच्या वर जात असेल तर तो आकडा मांडा. ‘महागाईने कंबरडे मोडले’ हे आयोगापुढे नोंदलेही जात नाही. हरकत लेखी, ग्राहक क्रमांकासह, मुदतीत, आणि तिची प्रत वीज खात्याला. सुनावणीत तीन-चार मिनिटेच मिळतात, तेव्हा लेखीतले एकच कलम वाचा.

विधानसभेचा मार्गही याच्याच जोडीला. आमदाराला ‘प्रश्न मांडा’ म्हणण्याऐवजी एलएक्यूचा, म्हणजे विधानसभेत विचारायच्या प्रश्नाचा मसुदा द्या: किती, कधी, कोणता आदेश, कोणाला दिला. उत्तर लेखी येते आणि सभागृहातले उत्तर चुकीचे असणे मंत्र्याला परवडत नाही. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच द्या, कारण प्रश्न स्वीकारण्याची मुदत आधीच संपते.

गाडे, फेरी आणि शेजारचा विक्रेता

दुकानदारांचा सगळ्यात जुना राग गाडेवाल्यांवर आणि फेस्त-जत्रांनंतरही रेंगाळणाऱ्या फेरीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या बाजारावर. इथे ‘सगळे हटवा’ ही मागणी कायद्यापुढे टिकत नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय विक्रेत्यांना हटवता येत नाही. पण त्याच कायद्यातल्या नगर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेते असतात आणि बाजार व व्यापारी संघटनांनाही प्रतिनिधित्व आहे. ते मागा. समिती झालीच नसेल तर ती स्थापन करण्याची मागणी करा, कारण विक्री क्षेत्र आणि विक्रीबंदी क्षेत्र ठरवताना तुमचा माणूस आत असणे दहा निवेदनांपेक्षा बरे. फेरीबाबत मागणी नेमकी ठेवा: किती दिवस, किती मीटर, अग्निशामक वाट मोकळी, सोपोची पावती सर्वांना, आणि शेवटच्या दिवसानंतर किती तासांत जागा रिकामी.

बंद, आणि त्याहून मोठा धोका

बाजार बंद हे शेवटचे हत्यार. वर्षातून एकदाच, आणि तेही मागणी लेखी दिल्यावर, मुदत संपल्यावर. अर्धा दिवस पुरतो. औषधाची दुकाने, दूध, पोदेर (पाववाले) वगळा. मोर्चासाठी पोलिसांना आधी लेखी कळवा आणि जमावबंदीचा आदेश लागू नाही ना ते पाहून घ्या.

बंदपेक्षा घातक गोष्ट मात्र बैठकीत हसत-खेळत होते: ‘सगळ्यांनी एवढ्याच्या खाली विकायचे नाही’, ‘त्या वितरकाकडून माल घ्यायचा नाही’. स्पर्धा कायदा २००२च्या कलम ३ प्रमाणे संघटनेने दर ठरवणे किंवा बहिष्कार घालणे हा स्पर्धाविरोधी करार होतो. दंड सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि जबाबदार पदाधिकारीही त्यात येतात. असा ठराव कधीच करू नका, बैठकीत नाही आणि व्हॉट्सअॅप गटावरही नाही, तोही पुरावाच असतो. ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींविरुद्ध बोलायचे असेल तर तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे करा.

नोंदवही

एक जाड वही, किंवा संगणकावरचा तक्ता, पाच रकान्यांचा: विषय, कार्यालय, आवक क्रमांक व तारीख, पुढची तारीख, सद्यस्थिती. दर महिन्याच्या बैठकीचा पहिला विषय हा तक्ता वाचणे. पदाधिकारी बदलतात तेव्हा फायली मावळत्या सचिवाच्या घरी राहतात आणि नवे मंडळ पहिल्यापासून सुरू करते. म्हणून हस्तांतराची यादी दोघांच्या सहीने करा, त्यात ई-मेलचा पासवर्ड, बँकेचे सहीदार, निबंधकांकडे दिलेल्या शेवटच्या यादीची पोच आणि चालू अपिलांच्या मुदती असाव्यात. माहिती अधिकाराचे अर्ज सभासदाच्या नावाने गेलेले असतात, त्यांची मूळ उत्तरे त्याच्याकडून घेऊन फायलीत लावा. तो सभासद धंदा विकून गेला तर दुसऱ्या अपिलाची ९० दिवसांची मुदत कोणाच्याच लक्षात राहत नाही.